ताईच्या लग्नाची डीव्हीडी
कपाट आवरताना ताईच्या लग्नाची डीव्हीडी हाती लागली आणि जुना राग पुन्हा डोक्यात गेला. लोहा गावच्या शूटिंगवाल्यानं तिला लॉक मारून ठेवलं होतं. टीव्हीवर छान चालायची, पण कॉम्प्युटरवर कॉपी काही होईना. लग्न आमचं, ताई आमची, आणि कॉपी मात्र याच्याच हातची, तीही लग्नसराई संपल्यावर! कॉपी हवी होती बिलोलीच्या मामासाठी. अक्षता घेऊन घरी कुणी आलं नाही, नुसता फोन केला, म्हणून तो रुसून लग्नाला आलाच नव्हता. एकुलती एक डीव्हीडी टपालानं पाठवायला आईचा जीव होईना. "तुम्हीच घेऊन जावा की," ती बाबांना म्हणाली. बाबा कुरकुरले, पण मला मागं बसवून मोटारसायकलवर निघाले. दारातच मामानं विचारलं, "आता सवड झाली व्हय, दाजी?" बाबांनी पिशवी पुढं केली. डीव्हीडीखाली आईनं अक्षतांची पुडी ठेवली होती. ती बघून मामाचा रागच उतरला. मामीनं चहा टाकला, मी डीव्हीडी लावली. मंगलाष्टकं सुरू झाली तसा मामा ताडकन उठला. "बसून काय राहिले? लग्न लागून राहिलं, उठा!" आम्ही सगळे उठलो, आणि मामानं मूठभर अक्षता टीव्हीवरच्या ताईवर टाकल्या. काचेवर तांदूळ टपटप वाजले. कॉपी झाली असती तर बाबा बिलोलीला गेलेच नसते, हे आज कळतं. पण त्या शूटिंगवाल्याला ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.