बिबड्यांखालची गच्ची

“वर येऊ नका,” जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला थांबवत अक्का म्हणाल्या, “बठ्ठं वल्लं शे.”

त्यांच्यामागे अख्खी गच्ची ओल्या बिबड्यांनी भरलेली होती. ज्वारीचा घाटा लसूण-तीळ घालून शिजवायचा आणि गरम असतानाच कापडावर पापडासारखा थापून वाळवायचा, हे आमच्या खानदेशातले उन्हाळ्याचे काम. मी मात्र त्या गच्चीच्या भेगा पाहायला जळगावहून पाचोऱ्याला आले होते. भेगा असल्याच, तर त्या बिबड्यांखाली होत्या.

माझे अशील सलीमभाई माझ्या मागेच उभे होते. या गच्चीखाली त्यांचे गाद्या-उशा भरण्याचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचे. जागा नानांची, म्हणजे अक्कांच्या यजमानांची. ते दोघे शेजारच्या घरात राहतात आणि गच्चीचा जिना त्यांच्या अंगणातून जातो. अवकाळी पावसात छत गळले आणि ऐन लग्नसराईत एका नवरीची गादी भिजली. सलीमभाईंनी दुरुस्ती मागितली. “दुकान तू वापरतोस, तूच कर,” असे नाना म्हणाले. मी नोटीस पाठवली, तेव्हा जागा खाली करण्याचे उत्तर आले. दुकान गेले, तर सलीमभाईंना त्या बाजारपेठेत दुसरी जागा मिळणे कठीण होते.

वकिलीची सनद मी उशिरा घेतली. माझ्या वयाचे लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात, त्या वयात. त्यामुळे कायद्याची कलमे मी जरा अधिकच वेळा वाचते. भाडेकरूने वेगळे मान्य केलेले नसेल, तर जागा वापरण्यायोग्य ठेवणे घरमालकाचे काम. छत त्यातच आले. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन एका मर्यादेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. भाडेकरूने स्वतः केलेले नुकसान मात्र भाडेकरूच्याच माथी. आमची बाजू भक्कम होती.

सरांचा, म्हणजे माझ्या सीनियरांचा फोन आला.

“पाहणी झाली?”

“नाही सर. गच्चीवर बिबड्या आहेत. वाळेपर्यंत थांबावे लागेल.”

“नोटीस दिली त्यांच्याच घरी?”

“जिन्यातच थांबते, सर.”

“थांबा. पण तिथे काही खाऊ नका.”

तोवर अक्कांनी माझ्या हातात गरम घाट्याची ताटली दिली होती. वर कच्च्या तेलाची धार. मी फोन ठेवला. सलीमभाई तर खाऊही लागले होते. त्यांना हवे का, हे विचारण्याची पद्धतच या घरात नसावी.

नाना आले. “वकीलबाई, नोटीस छान लिहिली. इतक्या आदरानं मला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या.”

मी घाटा खाल्ला.

ऊन कलल्यावर अक्कांनी कापडे उचलली. खाली कोबा दिसला. स्लॅबवर पाणी मुरू नये म्हणून जो सिमेंटचा थर देतात, त्याला कोबा म्हणतात. त्यात प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला लोखंडी सळईचा तुकडा ठोकलेला होता आणि प्रत्येक सळईपासून भेगा फुटल्या होत्या. जुनी भोकेही पुष्कळ होती.

नाना वाकून पाहत राहिले. “कोनी ठोक्यात ह्या?”

अक्कांनी सलीमभाईंकडे पाहिले. सलीमभाईंनी ताटलीकडे पाहिले.

“वाऱ्यानं कापड उडतं, असं अक्का बोलल्या,” ते म्हणाले. “मग मीच…”

“दरवर्षी?” मी विचारले.

“जागा बदलून, मॅडम. जुनं भोक ढिलं होतं ना.”

माझा अशील स्वतःच्याच डोक्यावरचे छत दर उन्हाळ्यात नव्या जागी फोडत होता, तेही घरमालकिणीच्या सांगण्यावरून. आमची नोटीस आता टिकत नव्हती. नानांचे उत्तरही टिकत नव्हते.

नाना हसू लागले. “भोकं पाडणारा हा, पाडून घेणारी ही, अन् नोटीस मला?”

“अन् वर्षभर बिबड्या खानारं कोन?” अक्कांनी विचारले.

नानांचे हसू थांबले. मग ते आधीपेक्षाही मोठ्याने हसले. “बरं, कोबा मी करतो. दुकान सोडायचं नाव काढू नको, सलीम.”

सलीमभाईंनी ताटली अक्कांपुढे धरली. त्यांनी आणखी घाटा वाढला.

पावसाळ्यापूर्वी सळया निघाल्या आणि नवा कोबा झाला. सलीमभाईंनी गादीच्या जाड कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली; कापडाच्या कोपऱ्यांवर आता त्या ठेवतात. नव्या करारात मी लिहिले की छताची दुरुस्ती मालकाची, आणि गच्चीत कोणीही काही ठोकायचे नाही. वाळूच्या पिशव्या भाडेकरूने पुरवाव्यात, हे अक्कांनी आग्रहाने घालायला लावले.

सरांनी करार वाचला. “हे शेवटचं कलम कोणत्या कायद्यात बसतं?”

“कशातच नाही, सर. पण कापड उडत नाही.”

त्या पावसाळ्यात दुकान कोरडे राहिले. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कायद्यात लिहिलेले आहे. भोक कसे पडले, ते तिथे सापडत नाही. म्हणून हल्ली नोटीस लिहिण्याआधी मी गच्ची पाहून येते. उन्हाळ्यात असेल, तर दुपारनंतर जाते.