पाय कोणी धरला होता

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, मानेच्या दोन मणक्यांमध्ये पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "सर्व्हायकल डिस्क प्रोलॅप्स." म्हणजे मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबत होती. डाव्या हाताला मुंग्या येत, चहाचा कप सुटून पडे, ते त्यामुळेच. "ऑपरेशन सध्या नको. गोळ्या आणि फिजिओथेरपीनं बघू."

शेजारी बसलेल्या माझ्या मिस्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, "यांनी तुम्हाला माझ्यापासून काही लपवायला सांगितलं आहे का?"

असा प्रश्न का विचारावा लागला, ते सांगते. ज्यांना एमआरआय करायचा आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. आम्ही तेलीबांध्याला राहायचो. मी एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट, मिस्टर सिलतऱ्याच्या कारखान्यात फिटर. एमआरआयबद्दल ओळखीतले सगळे एवढंच म्हणाले, "फोटो काढल्यासारखं असते."

तसं नसतं. तो एक अरुंद बोगदा असतो. मानेचा फोटो असेल तर तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात, त्याला कॉइल म्हणतात. पहिल्या वेळी खांदे आत गेले आणि माझा जीव घाबरा झाला. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की थांबवतात. मी लगेच दाबला आणि रडत घरी आले.

"काहून घाबरतेस?" मिस्टर म्हणाले. "मी आत येतो. तुझा पाय धरून बसतो. आवाज सुरू झाला का दाबीन, म्हणजे तुले समजंल मी आहो."

इतकं मऊ ते सहसा बोलत नाहीत. त्या बोलण्यावर मी परत गेले.

टेक्निशियन म्हणाला, एक जण आत बसू शकतो. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं काढायला लावलं. शरीरात पेसमेकर, स्क्रू, प्लेट आहे का, विचारलं. मिस्टरांनीही घड्याळ आणि पट्टा काढला. मी आडवी झाले. कानात कापूस, डोळ्यांवर कपडा, पायांवर चादर. दाराशी टेक्निशियन त्यांना काही विचारत होता, ते नीट ऐकू आलं नाही. मग चादरीवरून पायावर हात आला.

मशीन सुरू झालं. पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज, मध्येच बंद, मग नव्या तालात सुरू. दुखत काही नाही, फक्त हलायचं नाही. आवाज सुरू झाला की पाय दाबला जायचा, आणि मला वाटायचं, आहेत हे. मला त्या वेळी यांच्याबद्दल फार माया दाटून आली होती.

टेबल बाहेर आलं, कपडा काढला. पायाशी एक अनोळखी आयाबाई उभी होती.

"भैया तो शुरू से बाहर हे, दीदी," ती म्हणाली. "मोला बोलिन, आवाज होही त पाँव दबा देबे."

आवाज झाला की पाय दाबायचा, ही आमच्या दोघांमधली खूण त्यांनी तिला सांगून ठेवली होती.

मिस्टर बाहेर बाकावर बसले होते. टेक्निशियननं त्यांना विचारलं होतं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? कण आत राहिला असेल तर त्या चुंबकानं हलून डोळ्याला इजा होऊ शकते. हे 'हो' म्हणाले, म्हणून आत येऊ दिलं नाही.

"कधी गेला होता?" मी विचारलं.

"ग्राइंडिंग करताना. तवा तुले डोळे आले म्हणून सांगतलं होतं न, ते तेच."

"अन् आज काहून नाही सांगितलं?"

"तू उठून गेली असती."

"उठाचं का नाही, ते मले ठरवू द्या लागत होतं न!"

घरी येईस्तोवर मनात एकच चाललं होतं, माझ्या दुखण्याबद्दलही हे असंच काही दाबून तर ठेवत नसतील?

म्हणून डॉक्टरांना तसं विचारलं. ते "नाही," म्हणाले, आणि फिल्म माझ्याकडे वळवून एकेक मणका दाखवला, हात कशानं सुधारेल, कशानं बिघडेल, सगळं सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या आयाबाईचेही नाहीत. तिनं काही माझा विश्वास मोडला नव्हता.

हात आता बराच बरा आहे. माझ्या हट्टामुळे मिस्टरांनी डोळा तपासून घेतला. तुम्हाला एवढंच सांगते, आवाज कसा असतो, किती वेळ लागतो, आत कोण थांबणार, हे डोळ्यांवर कपडा येण्याआधी विचारून घ्या. आणि सोबत येणाऱ्यांनो, खरं सांगा. भीतीचं आम्ही बघून घेऊ.

परवा मिस्टर कारखान्यातून आले आणि न विचारता बाही वर करून भाजलेलं मनगट दाखवलं. "पाइप लागला," म्हणाले. मी मलम लावलं. बरं वाटलं. पण मलम लावताना माझी नजर त्यांच्या दुसऱ्या हाताकडे गेलीच.