सोड्याची पुडी

डोंबिवलीच्या आमच्या घरात ओव्हन कधीच नव्हता, पण केक महिन्यातून दोनदा तरी व्हायचा. आई तो कुकरमध्ये करायची. झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, तळाशी जाड मीठ पसरायची, त्यावर एक ताटली पालथी घालायची आणि तिच्यावर तूप लावलेलं केकचं भांडं. गॅस बारीक. पाऊण तास मी आणि माझी धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून हलायचो नाही. झाकण उघडायची परवानगी कोणालाच नव्हती.

आई कल्याणला नोकरी करायची. संध्याकाळी दमून आल्यावर मापं घेत बसायला तिला वेळ नसे, म्हणून रविवारी दुपारी ती कोरडं मिश्रण करून ठेवायची. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक रवा, दीड वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दूध पावडर, चवीला मीठ आणि जायफळ. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते सगळं तीनदा चाळायचं. चाळणी हलवायचं काम माझं. मी घाईत जोरजोरात हलवायचो आणि मैदा माझ्या भुवयांवर बसायचा. बहीण म्हणायची, "बघ, दादा म्हातारा झाला."

मग आयत्या वेळी त्यात वाटीभर दही, थोडं दूध, थोडं तेल घातलं की काम झालं. बेकिंग सोडा मात्र आई मिश्रणात कधी घालत नसे. आधीपासून घातला तर दमट हवेत त्याचा जोर जातो, असं ती म्हणायची. त्याची वेगळी कागदाची पुडी बांधून ती डब्यात सगळ्यात वर ठेवायची. शेजारच्या काकू यायच्या. "वहिनी, एखादा डबा तयार आहे का हो? जावई येतायत." आई डबा द्यायची. तो परत यायचा तेव्हा त्यात चार चकल्या, नाहीतर लिंबाचं लोणचं असायचं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करायची रीत नव्हती.

लग्नानंतर मी ठाण्याला, घोडबंदर रोडला राहायला आलो. आईचा मिश्रणाचा डबा मात्र येत राहिला. माझा एक, बहिणीचा एक. पुड्यांवर ती पेनाने लिहायची, एकीवर 'ठाणे', दुसरीवर 'पुणे'. पहिली काही वर्षं आम्ही ते केक केले. पुढे मुलगी मोठी झाली, तिला क्रीमचे केक आवडायला लागले, फोनवरून मागवले की अर्ध्या तासात दारात. आईचे डबे फडताळात मागे मागे सरकत गेले.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात असाच एक डबा दोन महिने तसाच राहिला होता. आईकडे जायचं होतं, डबा परत न्यायचा होता. मी झाकण काढलं आणि आत न बघता डबा कचऱ्याच्या पिशवीत उपडा केला. मिश्रण खराब झालं होतं का, तेही मला माहीत नाही. डबा धुतला, पुसला, खालच्या दुकानातून आणलेली बिस्किटं त्यात भरली. बायको म्हणाली, "अरे, निदान सांग तरी त्यांना, की आता पाठवू नका म्हणून." मी म्हटलं, "तिला वाईट वाटेल."

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

"केलास का रे केक?"

"केला ना."

"फुगला?"

"मस्त फुगला. वरून छान बदामी रंग आलेला. पोरीने दोन तुकडे खाल्ले."

आई मग म्हणाली, "बरं."

दोन दिवसांनी, रविवारी, मी डबा घेऊन डोंबिवलीला गेलो. जेवताना आमटीला मीठ कमी वाटलं म्हणून मीच उठलो. मिठाच्या बरणीशेजारी कागदाची एक चपटी पुडी पडलेली होती. वर तिच्या अक्षरात 'ठाणे'. माझ्या डब्यात ठेवायची राहून गेलेली. म्हणजे फोनवर तिने विचारलं, तेव्हा ती पुडी तिच्याकडेच होती. सोड्याशिवायचा तो केक माझ्याकडे मस्त फुगला होता.

मागे वळलो तर आई दारात उभी.

"काय शोधतोयस?"

"मीठ."

"समोरच आहे."

आम्ही पानावर येऊन बसलो. मी आमटीत मीठ घातलं, ते जास्त झालं, तरी खाल्लं. बिस्किटं छान आहेत, असं ती म्हणाली.

त्यानंतर माझ्याकडे डबा आला नाही. बहिणीकडे जात राहिला. मी विचारलं नाही, आईने सांगितलं नाही. बाकी सगळं पूर्वीसारखंच होतं. ती माझ्या बीपीची चौकशी करायची, भाजी बांधून द्यायची. पण निघताना ती आत गेली की मी उगाच चपला घालायला वेळ लावायचो. बाहेर यायची तेव्हा तिच्या हातात भाजीचीच पिशवी असायची. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण चार वर्षांत मला ते एक वाक्य बोलता आलं नाही.

गेल्या महिन्यात आई मोरीत घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर. मी भेटायला गेलो तेव्हा ती पलंगावर बसून कुरकुरत होती, "पुण्याचं मिश्रण राहिलं." मी म्हटलं, मी करतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. ती डाव्या हाताने दाखवत होती, हळू, कडेला सांडतंय, रवा बारीकच घे. दुसऱ्यांदा चाळताना, तिच्याकडे न बघता, मी बोललो.

"आई, तो केक मी केलाच नव्हता. मिश्रण टाकून दिलं होतं."

"माहितीये."

"सॉरी."

"टाकलंस त्याचं एवढं नाही रे. घरात वस्तू खराब होतात, टाकाव्या लागतात. पण तू मला रंग सांगितलास. पोरीने किती खाल्ला ते सांगितलंस." तिने प्लास्टरचा हात उशीवर टेकवला. "मी काय परीक्षा घेत होते का तुझी? पुडी राहिल्याचं त्याच दिवशी दिसलं, ते सांगायलाच फोन केला होता."

मी चाळत राहिलो. तिसऱ्यांदा चाळून झाल्यावर म्हटलं, "माझ्यासाठी पण एक डबा भरू?"

"भर. आणि केलास की फोनवर सांगू नकोस. इथे आण."

पुढच्या शनिवारी मी कुकर लावला. घरात ओव्हन असूनही कुकरच, कारण मला तेवढंच माहीत होतं. केक मधे बसला. कडा करपल्या. बायको म्हणाली, दुसरा कर, हा नको नेऊस. मी तोच डब्यात घातला आणि रविवारी डोंबिवलीला गेलो.

आईने मधल्या खळग्यावर बोट दाबून पाहिलं. "दही जास्त झालंय." मग डाव्या हाताने एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पोरीने खाल्ला?"

"एक घास. घशाला चिकटतो म्हणाली."

आई घास चावत होती, ती एकदम हसायलाच लागली, ठसका लागेपर्यंत. मी पाणी आणायला धावलो. घोटभर पिऊन ती म्हणाली, "खरंच चिकटतोय रे."