लिहिता न येणारी डबी

बोलायला सुरुवात करण्याआधी ते टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायचे आणि विचारायचे, "आवाज येतोय का?" मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असे. तरी "येतोय, नाना" म्हटल्याशिवाय ते पुढचं वाक्य उच्चारत नसत.

तीस वर्षं मुळशीतल्या लग्नांना, जत्रांना आणि सप्ताहांना कर्णे लावून लागलेली ती सवय होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा लाऊडस्पीकरवाला असेल. मांडवाच्या कडेला वायरींच्या वेटोळ्यात बसलेला, आणि आवाज गेला की मगच ज्याची आठवण होते असा.

माझं लवळ्यात, कॉलेजकडे चढणाऱ्या रस्त्यावर, कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चहा सांडलेले लॅपटॉप घेऊन हॉस्टेलची पोरं येतात, त्यावर माझं चालतं. नाना मागच्या आळीत राहायचे. जमिनीचा एक तुकडा विकून त्यांनी घरावर चार खोल्या चढवल्या होत्या आणि त्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या होत्या. लग्नांत डीजे आला तेव्हा त्यांनी धंदा बंद केला. डीजेबद्दल ते एवढंच म्हणत, "त्यो आवाज न्हाई, त्यो मार हाय."

पण धंद्याच्या काळात त्यांनी एक गोष्ट केली होती, जी त्यांना कुणी सांगितली नव्हती. कर्ण्यांबरोबर ते सेलवर चालणारा एक टेपरेकॉर्डर न्यायचे. भजन रंगात आलं, धनगरांची ओवी चढली, की गुपचूप एक वेगळा माइक टेपला जोडायचा. अशा कॅसेटींच्या दोन ट्रंका त्यांच्या माळ्यावर होत्या. त्यात गाणारे बहुतेक जण आता हयात नव्हते.

त्यांची मुलगी महाळुंग्याला राहते. तिने आपला जुना कंप्युटर वडिलांना दिला, आणि नाना पहिली कॅसेट घेऊन माझ्याकडे आले. टेप कंप्युटरला जोडायची आणि कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायची, दुसरा रस्ता नाही. त्या निमित्ताने मीही ऐकत गेले. ते मध्येच बोट वर करायचे. "हितं लाइट गेली. ऐक, कर्णा गप झाला, नुसता गळा ऱ्हायला." खरंच, गाणं एकदम उघडं पडल्यासारखं व्हायचं.

प्रत्येक गाण्याला नाव ते स्वतः द्यायचे. गाणाऱ्याचं नाव, गाव, पखवाजावर कोण. एका बोटाने, अक्षर शोधत. खात्री नसली तर नुसता आकडा टाकून पुढे जायचे. मी एकदा म्हटलं की अंदाजाने लिहू, नंतर सुधारू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले.

"चुकीचं नाव लावायचं म्हंजी मेल्या मानसाला दुसऱ्याच्या घरात धाडल्यावानी हाय, पोरी."

निम्म्या कॅसेटींना नावं लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांनी आणलेली कॅसेट आम्ही आधीच करून ठेवलेली निघाली. मी सांगितलं, ते हसले, घरी गेले. दुपारी तीच कॅसेट घेऊन परत आले, आणि ती पहिल्यांदाच आणत असल्यासारखी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

त्यानंतर आठवड्याभरात, एक अभंग ऐकताना त्यांनी विचारलं, "कोन गातंय ह्ये?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. तो आवाज त्यांनीच मला शिकवला होता. त्यांचा धाकटा भाऊ, ऐन पंचविशीत गेलेला. मी हसत वर पाहिलं. त्यांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मी नाव सांगितलं. "व्हय, व्हय, त्योच," असं ते म्हणाले खरं, पण चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. माझ्या शब्दावर त्यांनी फक्त विश्वास ठेवला होता. हे त्यांना कळलं आणि मलाही.

त्यांनी मला दुकानाचं दार लोटून घ्यायला सांगितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की हे विसरणं वाढत जाणार, थांबणार नाही. घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत होतं. मुलीला अर्धवट. "मरनाला मी कदी भ्यालो न्हाई," ते म्हणाले. "ह्याला भेतो."

जुना कंप्युटर तोवर पार थकला होता. त्याचा पंखा इतका घरघरायचा की नाना त्याच्या डोक्यावर हात ठेवून "धापा टाकतंय" म्हणायचे. मुलगी नवं काहीतरी घेऊन द्यायला तयार होती. पण काय, हा प्रश्न होता. वरच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे त्यांनी एक काळी डबी पाहिली होती. ती फक्त संगीत वाजवायची. पडदा नाही, कळफलक नाही, पंखा नाही. मागे गाण्यांची डिस्क जोडायची, पुढे फिरवायची एक खुंटी आणि एक बटण. तिला स्ट्रीमर म्हणतात. नाना डबीच म्हणायचे.

नाना आणि काकू दोघं सल्ला विचारायला आले. मी नव्या कंप्युटरच्या बाजूने बोलले. दुकान माझं कंप्युटरचं, हे खरंच. पण मनात खरं कारण दुसरं होतं. निम्म्या गाण्यांना नावं लागायची होती, आणि ती जगात एकाच माणसाला ठाऊक होती. डबीत ऐकता येतं, पण काही लिहिता येत नाही. आवाज साफ करता येत नाही, गाणं कापता येत नाही, नाव बदलता येत नाही. हे सगळं मी सविस्तर सांगितलं.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्यास्नी कायबी सुदरंनासं झालं, तर दोनीतलं कंचं चालंल?"

नाना जमिनीकडे बघत होते. मला डबी म्हणावं लागलं.

मग नानांनी बोटं टकटक वाजवली. आवाज येतोय का, हे मात्र विचारलं नाही. "अजून सुदरतंय मला," ते म्हणाले. "कंप्युटर घ्या."

तो पावसाळा त्यांनी नव्या कंप्युटरसमोर काढला. काकू भाजी घ्यायला निघाल्या की माझ्या दुकानाशी थांबून सांगायच्या. जेवणावरून उठून त्याच्यापुढे जाऊन बसतात. खोलीत गेलं की ओरडतात. पडद्याभोवती चिठ्ठ्या चिकटवल्यात, बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, आपलं नाव काय. हे शेवटचं सांगताना त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी त्यांना धीर दिला, काम होतंय ना, असं काहीतरी. त्यांच्या घरी जायचं मी टाळत होते, हे आता कबूल करते. मला त्या चिठ्ठ्या बघायच्या नव्हत्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, आत्ताच्या आत्ता ये. मी दुकान उघडं टाकून गेले. नाना खुर्ची भिंतीकडे वळवून, कंप्युटरकडे पाठ करून बसले होते. पडद्यावर यादी उघडी होती. आणि एकही आकडा उरला नव्हता, सगळ्या गाण्यांना नावं लागलेली होती. क्षणभर मला इतका आनंद झाला की मी काहीतरी बोललेसुद्धा.

मग मी भावाचं गाणं शोधलं. ते कोळवणच्या कुणा म्हाताऱ्या बुवांच्या नावावर होतं. भावाचं नाव एका बायकांच्या भजनावर होतं. तेच नाव आणखी खाली होतं, आणि आणखी खाली. जुनी, आम्ही दोघांनी मिळून, खात्री करून लिहिलेली नावंसुद्धा बदललेली होती.

"किती खरी हायती?" नानांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

मी यादी वरखाली सरकवत राहिले.

"काल एकच गानं मी तीन येळा ऐकलं," ते म्हणाले. "तीन निराळी नावं लिवली. तिनी येळंला माजी खात्री हुती. चिठ्ठीवर तुज्या काकूनं लिवून ठिवलं म्हनून कळलं. कागदावर खाडाखोड तरी दिसती, पोरी. ह्ये यंत्र मला अडवतच न्हाई. मी कायबी लिवलं तरी घेतंय."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की कंप्युटर तुमचं ऐकतो, घाबरू नका. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याच्या ऐकण्याची भीती वाटली.

जुन्या यादीची एक प्रत माझ्या दुकानात होती, पावसाळ्याच्या आधीची. तेवढी नावं सुरक्षित होती. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी खुर्ची वळवली.

"मला ती डबी आन. जिच्यात लिवता येत न्हाई ती. आन् ह्ये आजच घिऊन जा. आज मला पटतंय, उद्या पटंल का न्हाई ठावं न्हाई. मी मागाया आलो तरी देऊ नको. माज्या गळ्याची आन हाय तुला."

दुसऱ्या दिवशी ते आले. दहाचा सुमार, रस्त्यावर कॉलेजच्या रिक्षांची रांग. मी चोर आहे, मी त्यांच्या भावाला पळवून नेलं, असं ते फुटपाथवर उभं राहून ओरडत होते. पोरं थांबून बघत होती. कंप्युटर माझ्या पायाशीच होता, कापडाखाली. देऊन टाकावा असं मला फार वाटलं. हात जोडून मी नाही म्हणत राहिले. शेवटी काकू आल्या आणि त्यांना मनगटाला धरून घेऊन गेल्या. त्या दिवशी मी एकही काम केलं नाही. कुणी दारात आलं की दचकायची.

डबी आली. त्यांच्या जुन्या स्पीकरांना मी ती जोडून दिली. डिस्कवर आमची आधीची नावं होती, बाकीचे आकडे होते. बटण दाबून गाणं सुरू झालं तेव्हा नानांनी सगळीकडून हात फिरवून पाहिलं, कुठे काही लिहायची जागा आहे का. नाही, म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली आले. आदल्या आठवड्याचं भांडण त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं, म्हणून मी दाराजवळच बसले होते.

काही महिने बरे गेले. मग ते त्या आवाजांनाच भ्यायला लागले. घरात माणसं शिरलीत, कुठून आलीत, असं म्हणत कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मुलीचं म्हणणं पडलं की डबी बंदच करून टाका. काकूंनी ऐकलं नाही. त्यांनी एका दुपारी स्पीकरसमोर सतरंजी अंथरली आणि सांगितलं, मंडळ सरावाला आलंय, तुमीच तर बोलावलंत. नाना सतरंजीच्या कडेला टेकले. भीती पूर्ण गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. पुढे पुढे ते गाणाऱ्यांना सूचनाही द्यायला लागले. मी गेले होते तेव्हा एकाला दटावत होते, "माइकच्या जवळ ये की, लाजतूस काय!" काकू पदराआड हसल्या, आणि मग आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले असताना, नाना गेले.

त्यांचा कंप्युटर माझ्याकडेच राहिला. चावी कुठे ठेवली ते विसरले तरी हल्ली मला वाटतं, माझीही सुरुवात झाली की काय. म्हणून मी थांबायचं नाही असं ठरवलं. रविवारी दुकान बंद ठेवते, आकड्यांची गाणी लॅपटॉपवर घेते आणि गावोगाव जाते. म्हाताऱ्या माणसांना ऐकवते. दोन जणांनी एकमेकांना न विचारता ऐकून एकच नाव सांगितलं, तरच लिहिते.

गेल्या महिन्यात कोळवणच्या वरच्या अंगाला, धनगरांच्या वस्तीवर, एका आजींना मी एक ओवी लावून दिली. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपमध्ये कुणीतरी खाकरतं. तेवढ्यावरच आजींनी माझा हात धरला.

"आबा हाय माजा, बाप माजा."

मी विचारलं, नक्की का. त्या म्हणाल्या, नक्की. मी विचारलं, वस्तीवर आणखी कुणी ओळखेल का, त्यांचं नाव लागण्याआधी दुसऱ्या कुणालातरी ऐकवायला हवं. बोलता बोलता गाणं थांबवायला माझा हात पुढे गेला.

"लिव, न्हाईतर नको लिवू," आजी म्हणाल्या. "पन बंद करू नको."

मी हात मांडीवर घेतले. आजी लॅपटॉपकडे बघतही नव्हत्या. समोरच्या डोंगराकडे तोंड करून त्या ऐकत होत्या, आणि ओवीची ओळ संपत आली की त्यांचे ओठ पुढची ओळ आधीच म्हणत होते.