डावऱ्याला बसवा

औरंगाबादजवळ वाळूजच्या आमच्या कंपनीत 'बसवणं' या एका शब्दावर सगळा कारभार चालायचा. नट बसवायचा, बेअरिंग बसवायचं, गेटजवळ गणपती बसवायचा. आणि एखादा माणूस नको झाला की त्यालाही बसवायचं, म्हणजे घरी. क्रिकेटलाही आम्ही हाच शब्द वापरायचो. पेपरवाले 'वगळलं' लिहायचे, आम्ही 'बसवलं' म्हणायचो. ज्याला बसवलं त्यानं अकरा जणांना पाणी नेऊन द्यायचं आणि टॉवेल घेऊन पळायचं. या शब्दाचा मला अजून राग येतो, आणि तो का येतो तेच सांगायचं आहे.

मी तेव्हा टेम्पररी होतो. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत साहेबाच्या मागं मागं. गाव परभणीकडचं, तिथं थोरला भाऊ शेती बघायचा. मी बायकोला घेऊन उस्मानपुऱ्यात एका घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. बायको माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला तेव्हाही मान्य होतं, फक्त मोठ्यानं म्हणत नव्हतो. दोन वर्षं हुकल्यावर त्या वर्षी तिचं नाव डी.एड.च्या निवड यादीत लागलं होतं. कॉलेज शहरातच होतं आणि सोमवारी वर्ग सुरू होणार होते. गणवेशाच्या साडीला तिनं फॉल लावून ठेवला होता, आणि घरात कुणी नसताना ती फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत हात फिरवायची. मी दारातून बघितलं की हात खाली घ्यायची.

माझी नोकरी टिकली तर तिचं कॉलेज टिकणार होतं. नोकरी गेली की खोली सोडायची आणि गावी भावाकडं जायचं. गावाहून रोज औरंगाबादला येऊन शिकणं कुणालाच जमलं नसतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात साहेब आमच्या लाइनवरच्या टेम्पररी पोरांपैकी एकाचं, फक्त एकाचं, नाव कायम करण्यासाठी वर पाठवणार होते.

माझी अडचण माझ्या हातात होती. मी डावरा. लाइनवर नट आवळायची हवेची गन वरून लोंबकळत असायची, आणि ती सगळ्यांसाठी उजवीकडं टांगलेली. मला प्रत्येक गाडीमागं कंबर वळवून ती ओढून घ्यावी लागायची. शिफ्ट संपत आली की मी मागं पडायचो. माझं खरं नाव साहेबाला माहीत असावं, पण अख्ख्या लाइनवर मी 'डावऱ्या' होतो.

आपल्या क्रिकेट टीमची मालिका तेव्हा एक-एक अशी बरोबरीत होती आणि गुरुवारी शेवटची टेस्ट सुरू होणार होती. आमच्या शिफ्टच्या बसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रश्न एकच होता. आपल्या डावखुऱ्या स्पिनरला ठेवायचं का बसवायचं? मागच्या टेस्टमध्ये समोरच्या टीमच्या ओपनरनं त्याला धू धू धुतला होता. पुढच्या सीटांवर सुपरवायझर आणि ऑफिसचे लोक बसायचे, त्यांचं म्हणणं होतं की त्याच्या जागी एक बॅट्समन घ्या, मॅच हातची घालवू नका. मागच्या सीटांवर आम्ही. आम्हाला मॅच वाचवायची नव्हती, जिंकायची होती. आमच्या बाजूनं सगळ्यात जोरात कोण बोलायचं ते सांगायला नको. डावऱ्यानं डावऱ्याची बाजू घेतली नाही तर कुणी घ्यायची?

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी साहेबाच्या केबिनवरून चाललो होतो. दार अर्धवट उघडं होतं. साहेब पाठमोरे, फोन कानाला लावलेला. मी सलाम करायला थांबलो आणि माझ्या कानावर पडलं, "डावऱ्याला बसवा. नाही, आता दयामाया नाही. त्याच्यानं होत नाही ते. त्याच्या जागी दुसरा घ्या, झालं."

मी तिथून निघालो, बसमध्ये खिडकीशी बसलो आणि त्या दिवशी क्रिकेटवर एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं मला बरं नाही.

घरी येताच मी बायकोला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलोच. साहेबाचा उद्धार केला, गनचा केला, ज्यानं ती उजवीकडं टांगली त्याच्या सात पिढ्यांचा केला. ती भाकरीचं पीठ मळत होती. तिनं विचारलं, नाव घेतलं का तुमचं? मी म्हणालो, डावऱ्या म्हणाले, कंपनीत दुसरा डावऱ्या कोण हाय? मग तिनं विचारलं, तुम्ही साहेबाला तोंडावर विचारलं का? मला त्याचा रागच आला. म्हणालो, विचारून काय व्हनार हाय, ठरलंय ते. शेवटी तिनं एवढंच विचारलं की गावाकडं कधी जावं लागेल, आणि मी म्हणालो, महिना भरला की. ती बरं म्हणाली आणि तवा ठेवला. जेवताना तिनं मला दुसरी भाकरी वाढली आणि स्वतः अर्धीच खाल्ली.

बुधवारी सकाळी बस उस्मानपुऱ्यातून निघाली तेव्हा वाद आधीच पेटलेला होता. पुढून कुणीतरी पेपरातलं वाचून दाखवत होतं की स्पिनर बाहेर बसणार. माझ्या शेजारी वेल्डिंगचे चाचा होते, मूळचे खुलताबादचे. ते पानाची डबी उघडत शांतपणे म्हणत होते की पिच टूटनेवाला है मियाँ, चौथे दिन उसीच की याद आएगी. तेवढ्यात साहेब पुढच्या सीटवरून मागं वळले. एरवी ते अशा गप्पांत पडत नसत. ते म्हणाले की भावनेचा काय उपयोग, ज्याच्याकडून काम होत नाही त्याला बसवलंच पाहिजे.

मग मात्र माझा ताबा सुटला. मी उभा राहिलो. चालत्या बसमध्ये वरचा दांडा डाव्या हातानं धरून मी थेट साहेबाकडं बघून बोलायला लागलो.

"वर्षभर राबवून घेतलं तवा चालला, आन् आता ऐनवेळी बसवायचं?"

साहेबांनी शांतपणे विचारलं की मागच्या मॅचला त्यानं काय दिवे लावले.

"टोक कुठलं दिलं त्याला? चेंडू जिकडून वळतच नाय त्या टोकाकून टाकायला लावलं दिवसभर. उजव्याला चांगलं टोक, डावऱ्याला उरलेलं. एकदा त्याच्या हाताला जमल अशा बाजूनं टाकू द्या, मग बगा. तेवढं बी कुणी करत नाय, आन् म्हनं त्याच्यानं होत नाय."

लोकांना वाटलं पोरगं टीमसाठी पेटलंय, आणि मागून कुणीतरी शाबास म्हणून टाळ्याही वाजवल्या. चाचांना मात्र काहीतरी वेगळं कळलं असावं. त्यांनी माझा शर्ट खाली ओढला. साहेब माझ्याकडं बघत राहिले. तो रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. रेल्वे स्टेशन गेलं, एमआयडीसीची पाटी आली, तरी त्यांची नजर हलत नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, "तू लाइनच्या कुठल्या बाजूला उभा राहतोस रे?"

मी सांगितलं. ते पुढं वळले. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की आता महिना भरायचीसुद्धा वाट बघणार नाहीत, आजच हाकलतील.

चहाच्या सुट्टीआधी साहेब लाइनवर आले. हात मागं बांधून माझ्यामागं उभे राहिले. मी कंबर वळवून गन ओढत होतो, नट आवळत होतो, परत वळत होतो. घामानं डोळे चुरचुरत होते. मग त्यांनी मेंटेनन्सच्या माणसाला हाक मारली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "याची बसवा."

मी गन सोडून दिली. मला वाटलं, झालं. पण मेंटेनन्सचा माणूस शिडी घेऊन आला, वरची साखळी सोडवली, आणि गन माझ्या डाव्या बाजूला आणून टांगली. साहेबांनी मला इशारा केला, लाव म्हणाले. मी नट लावला. कंबर वळवावी लागली नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी शेजाऱ्याच्या पुढं गेलो.

चहाला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी दारात उभा राहूनच विचारलं की काल तुम्ही फोनवर मला बसवायचं म्हणत होता ना. ते आधी समजलेच नाहीत. मग समजलं तसे खुर्चीत मागं रेलून डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांचा भाऊ नांदेडला होता, क्रिकेटचा वेडा, रोज फोन करून भांडायचा. साहेब त्याला टीम सांगत होते. डावऱ्या म्हणजे स्पिनर. माझं नाव त्यांनी कायमसाठी शनिवारीच वर पाठवलं होतं.

"आरं, मला कामून नाय विचारलंस?" ते म्हणाले. "दारातच तर उभा होतास."

मी हसत सुटलो. उरलेली शिफ्ट कशी गेली ते कळलं नाही. चाचांना सांगितलं, त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, अब घर जा, पहले बीवी को बता. परतीच्या बसमध्ये मी पुन्हा स्पिनरसाठी भांडलो, यावेळी खरंखुरं स्पिनरसाठी. उस्मानपुऱ्यात उतरून पेढे घेतले.

बायको उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. मी दारातूनच सगळं सांगितलं, साहेबाची नक्कल करून, हसत हसत. ती ऐकता ऐकता उठली. तिचा चेहरा खुलला, खोटं नाही सांगत, आधी खुललाच. तिनं देवापुढं पेढा ठेवला. मग वळून ती म्हणाली, "मी दाखला काढून आणला वो."

मला अर्थच लागेना. तिनं सावकाश सांगितलं. वर्ग एकदा सुरू झाले की कॉलेजवाले मूळ कागद ठेवून घेतात, मध्येच सोडलं तर वर्षभर परत देत नाहीत. आपल्याला गावी जायचंच आहे, मग कागद तरी हातात असावेत, म्हणजे तालुक्याला दुसरं काही शिकता येईल. असा विचार करून ती सकाळी मी गेल्यावर चालत कॉलेजला गेली होती. वेटिंगवरची एक मुलगी बापाला घेऊन तिथं रोज येऊन बसायची. बायकोनं नाव काढलं आणि क्लार्कनं तिच्यादेखतच त्या मुलीचं नाव घातलं.

"तिचा बाप रडला," बायको म्हणाली. "माझ्या पाया पडायला लागला."

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं कॉलेजला गेलो. मी हात जोडले, चुकून झालं म्हणालो, माझी चूक आहे, हिची नाही. क्लार्क भला माणूस होता, त्यानं आम्हाला बसायला दिलं, पण भरलेली जागा तो कुठून रिकामी करणार? त्याच्या टेबलावर ट्रान्झिस्टर लावलेला होता. टॉस झाला होता आणि टीम सांगत होते. डावखुरा स्पिनर अकरा जणांत होता. क्लार्क खुशीत माझ्याकडं बघून म्हणाला, नाही बसवलं बघा त्याला. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी तिनं परत अर्ज केला. यादी तिच्या नावाच्या थोडी वर थांबली. त्यानंतर मुलगी झाली आणि अर्ज करायचं राहूनच गेलं. मी त्या कंपनीतून रिटायर झालो, शेवटपर्यंत गन डावीकडं.

पण मला आठवते ती त्या गुरुवारची परतीची वाट. आम्ही उन्हातून चालत येत होतो. पानटपऱ्यांवर माणसं रेडिओला कान लावून उभी होती, कुणी पहिली विकेट पडली म्हणून ओरडत होतं. मी सारखा तिची समजूत घालत होतो, पुढच्या वर्षी बघू, नक्की लागेल. मग एका टपरीपाशी थांबून तिनं त्या घोळक्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता तिच्या, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली.

"एका खेळाडूला बसवायचं का नाय म्हनून तुमची सगळी बस आठ दिवस भांडली," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुनी एक शब्द भांडलं नाय. मी बी नाय."