आरोपी नसलेला तपास

माझा मामा पोलिसांच्या खून शाखेत होता आणि त्याला फारसं काम नसायचं. "भाऊ काय करतो?" असं कुणी विचारलं की माझी आई म्हणायची, "माशा मारतो. पण सरकारी पगार घेऊन मारतो, तेव्हा मान द्या."

शहर आठ लाख वस्तीचं. वर्षाला खून व्हायचे आठ, नाहीतर नऊ. दोन दारुडे भांडायचे, किंवा भाऊ भावाच्या जिवावर उठायचा, आणि संध्याकाळपर्यंत आरोपी कबुली देऊन मोकळा व्हायचा. एरवी शाखेच्या खोलीत टेबलांवर पाय पसरलेले, खिडकीतल्या कुंडीला रोज तिघेजण पाणी घालायचे आणि रोप कुजायचं. पण खून झाला की तीच खोली भणभणायला लागायची. भिंतीवर नकाशा, फोटो, प्रत्येक शेजाऱ्याची दोनदा चौकशी, प्रेताने शेवटचं काय खाल्लं इथपर्यंत माहिती. मामा त्या दिवसांत घरी फक्त शर्ट बदलायला यायचा.

मी तेव्हा कॉलेजसाठी मामाकडे राहायला होते. त्यामुळे पुढचं बरंचसं मी जेवणाच्या टेबलावर बसूनच पाहिलं आहे.

एका वर्षी पोलिसांच्या अदलाबदलीत दुसऱ्या देशातली एक अधिकारी मामाच्या शाखेत आली. उंच, रुंद खांद्यांची, सतत काहीतरी चघळणारी बाई. तीही तिकडे खुनांचाच तपास करायची. दोघांनाही शाळेत मोडकीतोडकी शिकवलेली एक तिसरी भाषा होती, तिच्यात त्यांचं चालायचं. आम्ही तिला पाहुणीबाई म्हणायचो. आली त्याच आठवड्यात मामाने तिला घरी जेवायला बोलावलं; तिचं आम्हाला आणि आमचं तिला समजावून सांगायचं काम त्याचंच.

"गेल्या वर्षी तुमच्याकडे खून किती?" तिने विचारलं.

"नऊ," मामा म्हणाला. आवाजात तोरा होता.

पाहुणीबाईने चमचा खाली ठेवला. "नऊ? आमच्याकडे नऊ व्हायला दहा दिवस पुरतात. आणि शहर तुमच्याएवढंच आहे."

मामी म्हणाली, "अहो, आता छाती खाली करा, जेवण गार होतंय."

पाहुणीबाई हसली आणि तितक्याच सहजपणे म्हणाली, "आणि आत्महत्या?"

मामाने मामीकडे पाहिलं, जणू घरातली एखादी वस्तू तिनेच कुठेतरी ठेवली होती. "ते आमच्या शाखेकडे नसतं."

"नसू दे. पण किती?"

मामाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने खाली ड्यूटीवरच्या हवालदाराला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी आरोग्य खात्याला फोन केल्यावर कळलं, की वर्षाला दीडशेच्या थोड्या खाली. मामाला वाटलं, आकडा ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा फोन केला. चूक नव्हती.

त्या संध्याकाळी दोघांनी बसून हिशेब मांडला. शहरं लहानमोठी असतात, म्हणून नुसती प्रेतं मोजून चालत नाही, लाख माणसांमागे किती ते मोजावं लागतं. मामाच्या शहरात लाखामागे एक खून आणि अठरा आत्महत्या. पाहुणीबाईच्या शहरात लाखामागे चाळीस खून आणि पाच आत्महत्या.

"म्हणजे बघा," मामा खुशीत आला, "तुमची माणसं राग दुसऱ्यावर काढतात, आमची स्वतःवर. एका पारड्यातून काढलं की दुसऱ्यात पडतं."

"ऐकायला छान आहे," पाहुणीबाई म्हणाली. "मीही पूर्वी हेच म्हणायचे. पण असेही देश आहेत जिथे दोन्ही भरपूर, आणि असेही जिथे दोन्ही कमी. तराजू नाही हो तो. आणि आमच्या पाचाच्या आकड्यावर फार विसंबू नका."

"का?"

"घरात असं काही झालं की आमच्याकडे नातेवाईक डॉक्टरच्या हातापाया पडतात. मग डॉक्टर लिहितो, पाय घसरून पडला. खुनाचं तसं करता येत नाही. पाठीत गोळी असली की पाय घसरला कसं म्हणणार?"

मामा हसला. मामी हसली नाही. ती म्हणाली, "आपल्याकडे तरी सगळे खरं लिहीत असतील कशावरून?"

जायच्या आदल्या दिवशी पाहुणीबाईने शाखेतल्या खोलीत उभं राहून आणखी एक गोष्ट विचारली. तुमच्या नऊ खुनांना माणसं किती? मामा म्हणाला, अकरा, शिवाय फोटोवाला. आणि त्या दीडशेंना? त्या दीडशेंना खालचा एक हवालदार जायचा, अर्धं पान लिहायचा, 'संशयास्पद काही नाही' असा शेरा मारायचा आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत परत यायचा.

पाहुणीबाई गेली, पण हे मामाच्या डोक्यातून जाईना. पंधराएक दिवसांनी तो वरच्या साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "काम नसतं तेव्हा या आत्महत्यांचा तपास करू द्या. खुनाचा करतो तसा."

साहेब म्हणाले, "आरोपी कोण? आरोपी तर मेलाय."

"आरोपी नकोच आहे, साहेब. कधी, कुठे, कसं, आदल्या दिवशी काय झालं, एवढंच बघायचंय. खुनात आपण मेलेल्याला न्याय देतो. इथे पुढच्याला गाठता आलं तर बघू."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रिकामा न्हावी..." असं काहीतरी पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत.

मामा घरोघरी जायला लागला. पहिल्या काही घरांनी दारातूनच वाटेला लावलं. एकाने तर तोंडावर दार आपटलं. मामाला वाटलं, जखमेवर मीठ चोळायला येतो असं लोकांना वाटत असणार. मग तो टेलरबाईकडे गेला.

टेलरबाई म्हणजे कोट शिवणारी विधवा. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं दुकान, पुढे काच, मागे मशीन. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. मामाने ओळख दिली, तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"पोलीस? आता?" ती म्हणाली. "तेव्हा एक जण आला होता. बसलासुद्धा नाही."

मामा बसला. मग ती जे बोलली ते मामाने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "खरं सांगू? कधीकधी वाटतं, खून झाला असता तर बरं झालं असतं. लोक आले असते. शिव्या द्यायला कुणीतरी असतं. समोरच्या बेकरीवाल्याचा भाऊ मारामारीत मेला तर गल्ली लोटली होती. माझ्याकडे आलेल्यांनी निरोप सांगावा तसं दोन मिनिटं तोंड दाखवलं. जणू आमच्या घरात काहीतरी सांडलंय आणि त्यांच्या चपलेला लागेल."

मामाने खुनात विचारतात तेच सगळे प्रश्न तिला विचारले. शेवटचं जेवण, शेवटचा फोन, कुणाशी भांडण, औषधपाणी, झोप. ती सगळं सांगत गेली. मध्येच थांबून म्हणाली, "एकदा तो आधीही गेला होता तिथे."

'तिथे' म्हणजे बाजारामागच्या बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर. त्या शहरात बऱ्याच जणांनी तीच जागा निवडली होती. गच्चीचा कठडा कमरेएवढा होता आणि कुणीही जिना चढून वर जाऊ शकायचा.

"मग?"

"रंगकाम चालू होतं. रंगाऱ्यांनी दाराला कुलूप घातलेलं. परत आला. मला त्यानेच सांगितलं, रडत. मग जेवला, झोपला. पुढे दोन महिने बरा होता हो. डॉक्टरकडेही जायला लागला होता. एकदा तर दुकानात बसून बटणं लावून दिली. मला वाटलं, गेलं ते. मग रंगकाम संपलं."

मामा त्या दिवशी पायी घरी आला. इतकी वर्षं त्याचीही सगळ्यांसारखीच पक्की समजूत होती, की ज्याला मरायचं तो कुठेही जाऊन मरणारच. आणि इथे एका कुलपाने एका माणसाला दोन महिने दिले होते.

त्याने नगरपालिकेकडे मागणी केली, गच्चीला उंच जाळी लावा. पालिकेचे इंजिनिअर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी तेच उत्तर दिलं. "साहेब, जाळी लावली तर लोक दुसरीकडे जातील. प्रत्येक उंच जागेला मी जाळी कुठून आणू?"

मामाने बैठकीला टेलरबाईला बरोबर नेलं. ती आधी तयार नव्हती. मामी तिच्या दुकानात जाऊन बसली, काही न बोलता एका कोटाची उसवलेली शिवण धरून दिली, आणि निघताना म्हणाली, "येताय ना?" ती आली.

बैठकीत इंजिनिअरांनी 'दुसरीकडे जातील' म्हटल्यावर टेलरबाई उठून उभी राहिली. "माझा नवरा दुसरीकडे नाही गेला," ती म्हणाली. "दार बंद होतं तर तो घरी आला. मी ताट वाढलं. तुम्ही दार उघडं ठेवलंत तेव्हा तो गेला."

इंजिनिअरांनी चष्मा काढून पुसला. जाळीचं काम लगेच नाही, पण पुढच्या हिवाळ्याच्या आत झालं. वर गाडी लावणाऱ्या एकाने 'पिंजऱ्यात आल्यासारखं वाटतं' अशी तक्रार केली, तेवढीच.

त्यानंतर त्या गच्चीवरून कुणी गेलं नाही. शहराचा एकूण आकडा दोन वर्षांत लाखामागे अठरावरून पंधरावर आला. वर्तमानपत्रवाले मामाकडे आले, तेव्हा तो म्हणाला, "जाळीमुळे किती आणि नशिबाने किती, हे मला सांगता येणार नाही. खुनात मी कबुलीजबाब दाखवू शकतो. इथे जो मेला नाही तो येऊन सही थोडीच करणार?" त्यांनी ते छापलं नाही. त्याऐवजी 'आपलं शहर जगातल्या सर्वांत सुरक्षित शहरांपैकी एक' अशी बातमी दिली. ती खुनांच्या आकड्यावरून होती.

मग फोटोवाला गेला.

फोटोवाला म्हणजे शाखेचाच माणूस. मामाच्या प्रत्येक खुनाचे फोटो त्याने काढलेले. गोलमटोल, बडबड्या, गंभीर जागी हवालदारांना 'जरा हसा' म्हणून चिडवणारा. आदल्या दिवशी त्याने मामाला चहा पाजला होता आणि नवीन बुटांबद्दल कुरकुर केली होती. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या घरात मेलेला सापडला. तिथे गच्ची नव्हती आणि लावायला जाळीही नव्हती.

मामाने अंथरूण धरलं असं म्हणता येणार नाही. तो उठायचा, दाढी करायचा, आणि गणवेश न घालता खुर्चीत बसून राहायचा. साहेब भेटायला आले आणि बोलून गेले, "तुझ्या लक्षात आलं नाही? तू तर यातला जाणकार." ते गेल्यावर मामी दार लावताना जोरात बोलली, "जाणकार म्हणे! जिभेला काही हाड?"

मामा मला म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. बूट चावतात म्हणाला, मी म्हटलं बदलून घे. एवढंच बोललो मी."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी टेलरबाई आली. तिने सांत्वन वगैरे काही केलं नाही. मामासमोर स्टूल ओढून बसली आणि विचारायला लागली. शेवटचं कधी भेटलात? काय खाल्लं? कुणाशी भांडण? झोप लागायची का त्याला? मामा आधी चिडला, मग उत्तरं द्यायला लागला, आणि उत्तरं देतादेता रडला. मी त्याला रडताना तेव्हाच पाहिलं. दोन तासांनी टेलरबाई उठली आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत असायला हवं होतं असं काही मला यात दिसलं नाही. मी माझ्यातही खूप शोधलं होतं." मग मामीने तिला जेवायला थांबवून घेतलं.

मामा कामावर परत गेला, पण बदलून. आधी त्याला आकडा खाली आणायचा होता, खेळात गुण मिळवावेत तसा. आता आकडा कुणी विचारला तर सांगायचा, पण त्याचं लक्ष मागे राहिलेल्यांकडे असायचं. दर गुरुवारी दुकान बंद झाल्यावर टेलरबाईकडे चार-पाच घरची माणसं जमायची. फोटोवाल्याची बायकोही यायला लागली. तिथे काय बोलायचे ते मामाने कधी घरी सांगितलं नाही. मात्र येताना पँटला दोरे चिकटलेले असायचे.

पाहुणीबाईचा मधूनमधून फोन यायचा. तिने तिकडे 'पाय घसरून पडलेल्यां'ची चौकशी पुन्हा सुरू केली होती. त्यामुळे तिच्या शहरातल्या आत्महत्या एका वर्षात दुप्पट दिसायला लागल्या आणि तिचे साहेब तिच्यावर खार खाऊन होते. "मेलेली माणसं तेवढीच आहेत," ती मामाला म्हणाली, "फक्त आता ती मोजली जातायत." तिचे खून मात्र होते तिथेच होते. त्यांच्यासाठी जाळी कुठे लावायची, ते मामाही तिला सांगू शकला नाही.

मामा निवृत्त झाला, तोवर खात्याने या कामासाठी वेगळं टेबल आणि दोन माणसं दिली होती. जाळीनंतर कमी झालेला आकडा पुढे एक वर्ष पुन्हा थोडा चढला, मग उतरला. मामाने त्यावर कधी भाषण केलं नाही. आता त्याला कमी ऐकू येतं आणि गुडघा दुखतो.

ते टेबल सध्या एक तरुण अधिकारी मुलगी सांभाळते. तिचं घोडं कुठे अडलं की ती मामाकडे येते. मागच्या महिन्यात मी तिथेच होते. एका घरात लोक तोंड उघडत नाहीत, अशी तिची तक्रार होती. किती प्रश्न काढून नेलेत, कोणत्या क्रमाने विचारले, सगळं तिने सांगितलं. मामाने कानाला हात लावून ऐकून घेतलं.

"बूट काढले होतेस का?" त्याने विचारलं.

"नाही. गणवेशात होते."

"पाणी दिलं त्यांनी?"

"दिलं. मी नको म्हटलं, कामावर होते ना."

"उद्या परत जा," मामा म्हणाला. "साध्या कपड्यांत. दारात बूट काढ, दिलेलं पाणी पी. आणि पहिल्या दिवशी काहीच विचारू नकोस."

तिने मान हलवली, आणि मामीने पुढे सरकवलेल्या ताटावर ती जेवायला बसली.