थांबमावशी

तिच्याकडे काहीही मागा, पहिलं उत्तर ठरलेलं, "थांब." पाणी मागा, थांब. लाडू मागा, थांब. गोष्ट सांग म्हणा, थांब जरा, एवढी साडी होऊ दे. सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या खोल्यांच्या लाइनीतली झाडून सगळी पोरं तिला थांबमावशी म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. तिला त्याचं काही नव्हतं. खरं नाव सुमनबाई, ते मला खूप उशिरा कळलं.

तुमच्याही चाळीत, गल्लीत अशी एखादी असणारच. आया कामाला गेल्या की पोरं जिच्या दारात सांडलेली असतात, ती. मावशीचा मुलगा कामाला गेला की ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. गम सुकेपर्यंत साडी हलवली की टिकल्या घसरतात आणि माल परत येतो, म्हणून तिच्या खोलीत सगळ्यांनी भिंतीला टेकून बसायचं. दहा पोरं आणि एक ओली साडी, विचार करा! तरी कोणी पाय टाकत नसे. कारण एकच. मावशीचं थांब म्हणजे नाही नव्हे. साडी सुकली की लाडू हातात पडायचाच. ती विसरली, असं कधी झालं नाही. "मी इसरनू तर पोरगं कसाले थांबी?" असं ती अहिराणीत म्हणायची. मी विसरले तर पोर थांबेल कशाला?

आता आमच्या घरचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मावशी कळायची नाही.

पप्पा पांडेसऱ्यात डाइंगच्या मिलमध्ये होते. दिवाळीला त्यांनी रंगीत टीव्ही आणला. केबल नुकतीच आमच्या भागात आली होती. केबलवाला भाई तार टाकून गेला आणि आमची खोली म्हणजे थेटर झालं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी पप्पा पाळीवर निघाले. दीपू, माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा, सायकलला लोंबकळत होता. पप्पा म्हणाले, "थांब रे. येतो संध्याकाळी, येताना पतंग आणतो." उधन्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं त्यांना. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुरतेच्या अगासीवर, गच्चीवर म्हणा, लोक पतंग उडवत होते, आणि आमच्या दारात माणसं बसली होती. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी दगड आहे. असेन बाई! अंगात काही हललंच नाही, त्याला मी काय करू?

आई टीव्हीसमोर बसली ती बसलीच. सकाळी लावायची, झोपताना बंद करायची. काय लागलंय हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांनी हौसेनं आणलाय, बंद कशाला करायचा, एवढंच म्हणायची. दीपू तिच्या मांडीपाशी. भूक लागली की कोपऱ्यावरच्या गल्ल्यावरून, टपरीच ती, वेफर्सची पडीकी, रडला की आणखी एक पडीकी. वीज गेली की मात्र तो भिंतीवर डोकं आपटायचा. थांब, येईल लाइट, असं म्हटलं की आणखी जोरात. लोक म्हणायचे, टीव्हीनं पोरगं बिघडलं. आजही लोक हेच म्हणतात, फक्त टीव्हीच्या जागी मोबाइल म्हणतात. लोकांचं काय जातं!

अमळनेरकडच्या आमच्या गावाहून मोठ्या काकांचा निरोप आला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या बापाच्या नावानं घागर भरायला मुलगा लागतो, दीपूला घेऊन जातो, आणि मग तो गावीच राहील, एकट्या बाईला पोर सांभाळवायचं नाही. आई टीव्हीकडे बघत म्हणाली, "न्या." तिनं असं म्हटलं तेव्हाही मला काही वाटलं नाही. पण मी उठले आणि मावशीच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी येऊन दीपूला उचलून घेऊन गेली. आईला विचारलंसुद्धा नाही. तिच्याकडे त्यानं टीव्ही मागितला, आणि मावशीच्या तोंडून सवयीनं गेलं, "थांब." दीपूनं तिच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. दहा पोरांना एका शब्दावर बसवणारी बाई, आणि तिचा तो शब्द या पोरावर चालेना. तिनं हात पाण्याखाली धरला आणि मला विचारलं, "काय व्हयनं व माय याले?" मी तिला पतंगाचं सांगितलं. पप्पा काय बोलून गेले, ते शब्दन्‌शब्द सांगितलं. मावशी हात पुसायची थांबली. म्हणाली, "अरे देवा. या पोराला थांबता येत नाही असं कोण म्हणतं? हे तर संक्रांतीपासून थांबलेलंच आहे."

त्या दिवसापासून तिनं त्याला थांब म्हणणं सोडलं. बाकी आम्हाला म्हणायची, त्याला नाही. आणि दुसरं असं केलं की बाजाराला जाताना त्याला पायरीवर बसवून सांगायची, "ऊन या फरशीवर आलं की मी आले." आणि यायची. एकदा भाजीच्या ठेल्यावर काहीतरी भांडण निघालं आणि तिला उशीर व्हायला लागला. तर ही बाई भाजी तिथेच टाकून, पदर खोचून, भर दुपारी पळत आली. लाल झालेली, धापा टाकत. ऊन फरशीच्या कडेला टेकलं होतं. दीपू म्हणाला, "आली." आणि खेळायला गेला. मी म्हटलं, मावशी, भाजी? ती म्हणाली, "भाजी उद्या मियी." उद्या मिळेल म्हणे. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नुसती चटणी-भाकर खाल्ली.

मग आखाजीच्या आधी कुरडयांचे दिवस आले. खानदेशातली माणसं कुठेही जाऊन राहोत, उन्हाळ्यात कुरडया करणारच. मावशीनं मोठ्या पातेल्यात गहू भिजवला आणि त्याचं पाणी बदलायचं काम दीपूला दिलं. रोज सकाळी हा उठला की तोंड न धुता तिच्याकडे. "झाला?" मावशी हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. त्याचा हात पातेल्यात घालायची आणि म्हणायची, "दाब." पहिल्या दिवशी दाणा कडक. दुसऱ्या दिवशी जरा मऊ, आणि घाण आंबूस वास. दीपू नाक धरून दाणे दाबत बसायचा. आमच्या खोलीत टीव्ही चालू असायचा, त्याचा आवाज तिथपर्यंत यायचा, पण त्याचं लक्ष नसायचं. मग एका सकाळी त्यानं दाणा दाबला आणि आतून पांढरं दूध निघालं. असा ओरडला की शेजारचा उडिया कारागीर रात्रपाळी करून झोपलेला, तो उठून बाहेर आला.

गहू वाटला, गाळला, चीक शिजवला. शिजवताना लाइनीतल्या तीन बायका आळीपाळीनं घोटत होत्या. पहिली वाटी दीपूची, गरम चीक, वर दूध-साखर. मावशी म्हणाली, "हे तुनं. तू वाट पाहिली ना?" त्यानं वाटी चाटून पुसून खाल्ली. मग आम्ही अगासीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्यानं कुरडया घातल्या, आणि काठी घेऊन दीपू कावळे हाकायला बसला. मावशी टीव्हीच्या विरुद्ध होती असं समजू नका हं. सकाळी देवाचं काही लागलं की आमच्याच दारात उभी राहून बघायची. तिचं म्हणणं एवढंच, "टीव्ही काय चावत नाही. पण त्यात काही पेरता येत नाही, का वाळवता येत नाही."

त्याच संध्याकाळी मोठे काका भुसावळ पॅसेंजरनं आले. माणूस वाईट नव्हता. चौटा बाजारातून दीपूसाठी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. रंगीत बटणं, आतमध्ये उड्या मारणारा माणूस. दीपू हरखला. खोटं कशाला बोलू, मीही हरखले. काका म्हणाले, "गावाला चल. दिवसभर खेळ, कोणी काही म्हणणार नाही." दीपू मान हलवत बटणं दाबत होता. मावशी दारातून हे बघून गेली. आईनं दीपूचे कपडे पिशवीत भरले.

सकाळी काका निघायला उठले तर दीपू खोलीत नाही. अगासीवर सापडला, काठी घेऊन. काका म्हणाले, गाडी चुकेल. तो म्हणाला, "कुरडया वाळल्या नाहीत अजून." काका हसले. "अरे, गावाला काय कुरडया कमी आहेत?"

"त्या माझ्या नाहीत."

"मग गेम राहू दे इथेच!"

"राहू दे. कुरडया वाळल्या की येतो."

काकांनी त्याचा दंड धरला. तेव्हा मावशी जिना चढून वर आली. तिनं त्यांचा हात सोडवला नाही, ओरडली नाही. म्हणाली, "भाऊ, वीज गेली तर हे पोरगं डोकं फोडून घ्यायचं. आज ते स्वतःच्या तोंडानं म्हणतंय, मी थांबतो. तुम्हले काय घाई शे?" काकांनी दंड सोडला. आणि मी मागे बघितलं तर आई जिन्यात उभी. संक्रांतीपासून ती अगासीवर आली नव्हती. उन्हानं डोळे मिटत होते तिचे. ती दीपूजवळ गेली, खाली बसली आणि एक कुरडई उलटून बघितली. "खालून ओलीच आहे," ती म्हणाली. मग काकांना म्हणाली, "दोन दिवस थांबा भाऊजी. मीही येते. तिघं येऊ, घागर भरू, आणि तिघं परत येऊ."

खाली टीव्ही चालूच होता. दुपारी तो मी बंद केला, आईनं परत लावला नाही. कुरडया वाळल्यावर डब्यात भरून आम्ही गावाला गेलो. दीपूनं पप्पांची घागर भरली, आणि आम्ही तिघं परत आलो. आई साड्यांच्या कामाला लागली.

दोन-तीन वर्षांनी मावशीच्या मुलाचं काम सुटलं आणि त्यांनी गावाला कायमचं परत जायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं. सगळी लाइन जमली. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत. मसणात निघालेला माणूससुद्धा बोलू शकला तर येतो म्हणेल. मावशीनं सगळ्यांना हात जोडले आणि "येस हं मी," म्हणाली. मग दीपूसमोर आली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "येशील?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "नही रे भो. आते जास मी."

बायका ओरडल्या. अगं, जाते काय म्हणतेस, अभद्र! तोंड सांभाळ! आईनं तोंडाला पदर लावला. मावशीनं कोणाकडे बघितलं नाही. दीपूच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि टेम्पोत चढली. टेम्पो वळेपर्यंत दीपू हात हलवत होता. मग घरी येऊन अभ्यासाला बसला.

ती गेल्याचा फोन पुष्कळ वर्षांनी आला. दीपू तेव्हा कॉलेजात. आई सुन्न, मी सुन्न. आमच्या घराला सुन्न होण्याची सवयच आहे. दीपू चहा करत होता. त्यानं गॅस बारीक केला, इतकंच. मला राग आला. म्हटलं, अरे, जिनं तुला माणसात आणलं, ती गेली. तुला काही वाटत नाही?

"वाटतं ना, ताई," तो म्हणाला. "पण मी कधी तिची वाट बघितली नाही. ती सांगून गेली होती."

आणि मला पप्पांची सायकल दिसली. दारातून बाहेर पडणारी, कॅरिअरला डबा बांधलेली. मी जी रडायला लागले ती थांबेचना. मोठ्यानं, हमसून, शेजारी ऐकतील असं. दीपू घाबरून माझ्याजवळ आला, म्हणाला, "आई, बघ ना हिला."

आई जागची हलली नाही. म्हणाली, "रडू दे तिला. फार उशिरा आलंय."